बाबांच्या अँपमधली करकर

शनिवारी सकाळी शेजारचा यूर्गेन गाडी घेऊन येणार होता. मागच्या सीट पाडून मावेल तेवढं सामान वेर्टस्टॉफहोफला, म्हणजे गावच्या भंगाराच्या आवारात, पोचवायचं ठरलं होतं. आईचं गेर्लिंगेनचं घर महिनाअखेरीस रिकामं व्हायचं होतं आणि ती मुलाकडे, राजसकडे, बाड हॉम्बुर्गला, त्याच्या घराजवळच्या दोन खोल्यांत जाणार होती. भंगाराच्या यादीत तिसऱ्या ओळीवर बाबांचा गिटारचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, होता.

बर्लिनहून आलेल्या अवनीने यादी वाचली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "अगं आई, हा कसा टाकतेस?"

"मग काय करू? वाजतो कसा ऐकलास ना? फुटाणे भाजल्यासारखा. राजसने नाताळात लावला तर मी स्वयंपाकघरातून पळत आले, म्हटलं काहीतरी जळलं."

"आणि करकर गेली तर?"

"गेली तर बघू."

आईचं 'बघू' म्हणजे नकार नव्हे, एवढं अवनीला चाळीस वर्षांत कळलं होतं. शुक्रवारची अख्खी दुपार हाताशी होती. तिने यूर्गेनला हाक मारली.

यूर्गेन आणि बाबा, म्हणजे त्याचा वासू, एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर बसत. शहाऐंशी साली श्टुटगार्टच्या जुन्या बाजारातून तो अँप दोघांनी मिळून उचलून आणला होता. बाबांना गिटार फार चांगली यायची असं नाही. पण रविवारी दुपारी जेवण झालं की तळघरातून आधी अँप तापल्याची 'घूं' यायची, मग एखादी जुनी चाल. अवनी वरच्या खोलीत अभ्यास करत असायची. चाल अडली की बाबा तीच ओळ परत घ्यायचे, आणि ती वहीवर पेन टेकवून, आता जमते का, याची वाट बघत बसायची. शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी बाप गाड्या धुवायचे. आपला बाप तळघरात बसून चुकतो, याचा तेव्हा तिला थोडा अभिमानच वाटे.

"वासू काय म्हणायचा?" यूर्गेनने चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"आधी आवाज वेगळे कर. सगळे एकदम दुरुस्त करायला जाऊ नकोस."

"गेनाऊ. अगदी तेच."

तिने अँप लावला. काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. तळाशी एक अखंड घूं होती. आवाजाचा नॉब पूर्ण खाली आणला तरी ती तेवढीच राहिली. म्हणजे तिचं कारण नॉबच्या पुढे, वीजपुरवठ्याच्या बाजूला. "म्हातारे कपॅसिटर," यूर्गेन म्हणाला. "ते सोपं आहे, मी बदलीन." दुसरी ती करकर. ती फक्त नॉब फिरवताना व्हायची, आणि नेमकी मधल्या नॉबला. तिसरा आवाज सर्वांत चमत्कारिक होता. गिटारची जाड तार छेडली की स्पीकरच्या आत कुणीतरी खुळखुळा हलवत होतं.

पेन्सिलच्या टोकाने तिने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकला. काही नाही. मग अँपचा प्लग भिंतीतून काढला आणि वाट पाहिली. बाबांनी शिकवलं होतं, बंद केलेल्या अँपच्या पोटातही विजेचा मोठा साठा राहतो. यूर्गेनने तो रिकामा केला, मीटर लावून खात्री करून घेतली, आणि मगच मागच्या फळीचे स्क्रू सोडवले.

फळीच्या आतल्या बाजूला कागदी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्यांवर बाबांचं बारीक अक्षर. ३ ऑक्टोबर ८७, साफ. २१ ऑक्टोबर ८८, साफ. ११ ऑक्टोबर ८९, साफ. अशा ओळीने थेट १४ ऑक्टोबर २०१३ पर्यंत.

यूर्गेन बुचकळ्यात पडला. "वासू गाडीचं ऑइलसुद्धा ठरल्या तारखेला बदलायचा. इथे एका वर्षी तीन तारीख, पुढच्या वर्षी एकवीस? हे काय वेळापत्रक झालं?"

अवनी उत्तर देणार तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात स्पीकरच्या कडेला काहीतरी चमकलं. तिने चिमट्याने उचलून तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. त्याच्या शेजारी आणखी पाच-सात होते. तिने मधल्या नॉबची टोपी उपसली. दांड्याभोवती हळदी-कुंकवाचा सुकलेला लाल-पिवळा लगदा होता, आणि तो खाली भेगेतून आत उतरलेला होता.

दसरा. दर दसऱ्याला आई घरातली सगळी अवजारं मांडून पूजा करायची. पान्यांची पेटी, शिवणयंत्र, गाडीची किल्ली, बाबांची गिटार आणि अँप. या अँपचे नॉब वरच्या पट्टीवर होते आणि त्यांच्यामागे हवेसाठी फटी. आई ओल्या बोटाने मधल्या नॉबला गंध लावायची आणि अक्षता वरून टाकायची. आणि बाबा दुसऱ्या दिवशी, कुणाला न सांगता, फळी उघडून सगळं साफ करायचे. सत्तावीस वर्षं.

गेल्या दसऱ्याला बाबा इस्पितळात होते. आईने पूजा एकटीने केली. त्यानंतर फळी कुणी उघडली नाही. नोव्हेंबरात बाबा गेले.

अवनीने यूर्गेनला हे समजावलं. त्याने वाकून पट्ट्यांवरच्या तारखा पुन्हा वाचल्या. मग म्हणाला, "कुंडाला सांगू नकोस." आईचं 'कुंदा' हे नाव त्याच्या जिभेवर कधी नीट बसलंच नव्हतं.

त्याने सांगितलं नसतं तरी ती बोलली नसती. अँप आपल्यामुळे बिघडला, हे ऐकायची आईची ही वेळ नव्हती. तिने दाणे वेचले, नॉबमध्ये औषध फवारलं, तो पन्नासदा पुढेमागे फिरवला, आणि पट्ट्यांना हात न लावता फळी परत बसवली. अँप लावला. नॉब फिरवला, करकर नाही. जाड तार छेडली, खुळखुळ नाही. राहिली ती फक्त घूं.

आई दारात येऊन उभी होती.

"गेली की गं. काय होतं?"

"धूळ, आई. जुनी वस्तू आहे ना."

"धूळ?" आईने तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "तांदूळ नव्हते का निघाले?"

यूर्गेनला शब्द कळले नाहीत, पण अवनीचा चेहरा बघून तो खिडकीकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"अगं, घर केवढं ते. तळघरात स्क्रू सोडवलेला मला ऐकू येणार नाही? यांना वाटायचं मला पत्ता नाही. म्हटलं, वाटू दे."

"मग टाकायचीस कशाला आत?"

आई खोक्यावर बसली. "पहिल्या वर्षी अक्षता चुकून पडल्या. साफ करून झाल्यावर हे मला खाली बोलवायला आले. म्हणाले, कुंदा, जरा ऐक, आवाज नीट येतोय ना? आणि मग तासभर माझ्यासाठी वाजवलं. मी सांगेन ते. रविवारी स्वतःसाठी वाजवायचे, हे माझ्यासाठी." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पुढच्या वर्षी मी फटीवर धरूनच टाकल्या."

घूं चालूच होती. मग आईने स्वतःच हात लांब करून बटण बंद केलं.

"बाड हॉम्बुर्गला नाही नेणार मी. मला वाजवून कोण दाखवणार तिथे? तू घेऊन जा."

"मला वाजवता येत नाही, आई."

"उघडता येतो ना? पुरे. आणि दसऱ्याला पूजा करायची. हात आखडता घेऊ नकोस."

अवनीने प्लग काढून अँपची वायर गुंडाळली. ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि बर्लिनला नवऱ्याला सांगितलं, की दिवाणखान्यातली सायकल आजच तळघरात हलव, तिथे जागा लागणार आहे.

"किती मोठी वस्तू आहे?" योनासने विचारलं.

"बावीस किलो. चौथ्या मजल्यापर्यंत मधे दोनदा टेकवू."