आवाज तुटू द्यायचा नाही

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. सकाळचे सव्वासहा वाजलेत. उजाडलंय, पण सूर्य अजून वर आलेला नाही. तुम्ही एका घराच्या ओट्यावर उभे आहात. ओट्याला सगळीकडून तारेची जाळी ठोकलेली आहे, आणि जाळीपासून वीस पावलांवर ऊस सुरू होतो. तुमच्या वडिलांच्या दुप्पट उंचीचा, दाट. त्या उसात बिबट्या राहतो. आज असेल किंवा नसेल, ते कुणालाच माहीत नाही. अशा वेळी कुणी म्हणालं, "चल, डोळे मिट, प्रार्थना करू," तर तुम्ही मिटाल?

अपेक्षाला मिटता येत नव्हते.

अपेक्षा दहा वर्षांची. राहायची दौंडला, रेल्वे कॉलनीत. तिचे पप्पा रविराज रेल्वेत नोकरीला. आईचे दिवस भरत आले होते आणि शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती, म्हणून पप्पांनी तिला शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, आजोळी आणून सोडलं. तिथं वस्तीवर तिचे आजोबा म्हस्कूआबा आणि आजी अनसाबाई असे दोघंच राहायचे. आबांच्या वडिलांनी मेंढरं राखली होती. पुढं ते ख्रिस्ती झाले, शेती करू लागले, आणि रोज सकाळी मोठ्यानं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची सवय त्यांनी लावली, ती घरात तशीच राहिली.

अपेक्षाला मात्र ती सवय लागत नव्हती. दौंडला तिनं तीनदा सुरुवात केली होती. संडे स्कूलच्या बाईंनी दिलेल्या कागदावर रोज एक खूण करायची. तीन दिवस खुणा व्हायच्या, चौथ्या दिवशी उशीर व्हायचा, पाचव्या दिवशी कागदच सापडायचा नाही.

"ही सुट्टी माझ्यासंगं वाच," आबा म्हणाले. "कागद नगं आन् खूण बी नगं."

आबांची पद्धत अशी. त्या आठवड्यात शेतीची वीज सकाळी साडेसहाला यायची. आबा सहालाच उसाच्या कडेकडेनं, बांधावरून फिरून विहिरीवर जात आणि मोटरीच्या पेटीशी उभं राहून विजेची वाट बघत. ती वाट बघताना वाचायचं. चर्चमध्ये जसं एक वचन पाळकसाहेब वाचतात आणि पुढचं सगळे मिळून वाचतात, तसंच इथं. पहिलं वचन आबा विहिरीवरून वाचणार, दुसरं अपेक्षा ओट्यावरून. मध्ये सगळा ऊस.

"पण वीज आल्यावर वाचलं तर?" अपेक्षानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"वीज काय सांगून येती व्हय? आली की मोटर, मोटर झाली की म्हस, म्हस झाली की बाजार. मंग देवाला कवा गाठायचा? त्याला पयला गाठायचा."

स्तोत्रही त्यांनी छोटंच निवडलं होतं, आठ वचनांचं. डोंगराकडे बघून, मला मदत कुठून येईल, असं विचारणाऱ्या माणसाचं. आठवडाभर रोज तेच. चौथं वचन अपेक्षाच्या वाट्याला यायचं. राखणारा कधी झोपत नाही, डोळाही मिटत नाही, असा त्याचा अर्थ. ते ती नीट वाचायची. मग आठवं वचन झालं की आबा तिकडून ओरडायचे, "मिट डोळं!" आणि मोठ्यानं प्रार्थना करायचे. अपेक्षा मान खाली घालायची, पण डोळे उघडेच. नजर उसावर.

तिसऱ्या दिवशी तिनं ते आबांना सांगून टाकलं. आबा हसले नाहीत. "मंग उघडं ठिव. देव काय तुझं डोळं मोजीत न्हाई. पर आवाज तुटू द्यायचा न्हाई, एवढं ध्यानात ठिव. तुझा आवाज आला की मला कळतंय, पोर धड हाय. माझा आला की तुला कळतंय, म्हातारा धड हाय."

वस्तीवर सगळेच तसं करत. कुणी उसाकडून जाताना मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावी, कुणी पातेलं वाजवी, कुणी एकट्यानंच बडबडत जाई. आवाज असला की जनावर लांब राहतं. शेजारच्या खंडूमामांचं कुत्रं मागच्या महिन्यात रात्रीतून नाहीसं झालं, तेव्हापासून तर माणसं गळ्यात पट्टाही घालू लागली होती. जाड कातडी पट्टा, त्याला बाहेरून टोकदार खिळे. वाकून काम करणाऱ्या माणसाची बिबट्या मान धरतो, म्हणून. आबांचाही तसा पट्टा होता.

"आबा, तुम्ही ना, अगदी कुत्र्यासारखे दिसता," अपेक्षा म्हणाली होती.

"आगं, आमच्या मेंढरांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांला असंच पट्टं असायचं. लांडग्यासाठी. मंग मी बी राखणीलाच हाय की!"

"ह्ये राखणार!" आजी चुलीपासून म्हणाली. "वाचायला लागलं की पट्टा काढून खुंटीला. म्हनं हनवटीला टोचतोय."

हे खरं होतं. पुस्तकाकडे मान वाकवली की खिळे हनुवटीला लागत. म्हणून वाचताना आबा पट्टा काढून मोटरीच्या पेटीवर ठेवायचे.

पाचव्या दिवशी दौंडहून फोन आला. आईला दवाखान्यात नेलं होतं. आजी दुपारच्या एसटीनं गेली. घरात आबा आणि अपेक्षा दोघंच.

सहाव्या दिवशी सकाळी आबा निघाले. "जाळीची कडी लाव. अर्ध्या तासात आलोच," म्हणाले. अपेक्षानं कडी लावली. पुस्तक उघडून ती ओट्यावर उभी राहिली.

तेवढ्यात गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. रवंथ करायचं थांबली. दोन्ही कान पुढं करून तिनं उसाकडं तोंड केलं आणि जोरात फुस्सकन नाकातून श्वास सोडला. खुराड्यात कोंबड्या कुरकुरत होत्या, त्याही एकदम गप्प झाल्या.

तारेची जाळी एकाएकी अपेक्षाला अगदीच पातळ वाटायला लागली. ती घरात पळाली, दार लोटलं, अडसर घातला, आणि पाठ दाराला लावून खाली बसली.

लांबून आबांचा आवाज आला. पहिलं वचन.

आता तिची पाळी. तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि दुसरं वचन वाचलं. पण कसं? ओठातल्या ओठात. तिला वाटलं, आबाच तर म्हणतात, देव मनातलंही ऐकतो. मग आतून वाचलं तर काय झालं?

देवानं ऐकलं असेल. पण आबांना कसं ऐकू जाणार?

आबांनी पहिलं वचन पुन्हा वाचलं. जास्त मोठ्यानं. अपेक्षानं पुन्हा पुटपुटलं. मग आबांची हाक आली, "अपेऽऽ!" तिच्या घशातून आवाजच फुटला नाही. पुन्हा हाक आली, "अपेऽऽ! ओ दे!"

आणि मग काहीच नाही.

तिनं मनात दहापर्यंत आकडे मोजले. तिसरं वचन आलं नाही. हाकही आली नाही. ती खिडकीपाशी गेली, गजांना धरून टाचा उंच केल्या आणि बाहेर बघितलं.

वारा नव्हता. दारातल्या पपईचं पानसुद्धा हलत नव्हतं. पण ऊस हलत होता. विहिरीकडून घराकडे सरळ एक रेघ ओढावी तसे शेंडे एकामागून एक हलत येत होते. आणि बरंच अलीकडे, नदीच्या बाजूला, आणखी एका ठिकाणी शेंडे हलत होते. अगदी हळू. पहिली हालचाल थांबली की ही दुसरीही थांबायची. पहिली निघाली की ही निघायची.

अपेक्षाला सगळं एकदम कळलं. पहिले आबा होते. तिचा आवाज आला नाही, म्हणून आबांना वाटलं की तिलाच काही झालं. बांधावरून फिरून येण्याएवढा धीर त्यांना राहिला नाही, ते उसातूनच सरळ निघाले होते. धाप लागली होती म्हणून, किंवा घाबरले होते म्हणून, तोंडातून आवाज काढायचंही विसरले होते. आणि पट्टा? वाचताना आबा पट्टा काढतात.

दुसरं कोण, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

अडसर दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा निघाला. ती ओट्यावर आली आणि जाळीला बोटं अडकवून उभी राहिली. पुस्तकातली अक्षरं दिसेनात. पण पाच दिवस तेच वाचलं होतं, अक्षरांची गरज नव्हती. तिनं तोंड उघडलं. आधी नुसतीच हवा आली. मग चिरका, स्वतःलाही ओळखू येऊ नये असा आवाज निघाला. दुसरं वचन.

सरळ येणारी रेघ थांबली.

नदीकडची थांबली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग उसाच्या पोटातून घोगरा आवाज आला. तिसरं वचन. आबा!

अपेक्षानं चौथं म्हटलं. म्हटलं कसलं, किंचाळलीच. राखणारा डोळाही मिटत नाही, हे तिनं त्या उसाला असं सांगितलं की गोठ्यात म्हैस दचकली. नदीकडचे शेंडे हलले. पण ते आता इकडे येत नव्हते. पाण्याच्या बाजूला, हळूहळू, लांब जात होते. आबांनी पाचवं म्हटलं, तिनं सहावं. सातवं म्हणता म्हणता आबा उसाच्या पाचटातून बाहेर पडले. तोंडावर पानांचे ओरखडे, चष्मा नाही, एका पायात चप्पल. गळा उघडा.

आठवं वचन तिचं होतं. तुझ्या जाण्यावर आणि तुझ्या येण्यावर देवाची नजर आहे, अशा अर्थाचं. ते म्हणत म्हणतच तिनं जाळीची कडी काढली.

आबा ओट्यावर मटकन बसले.

"आवाज का तोडलास गं?"

"मी वाचत होते आबा. आत बसून. हळू."

"हळू!" आबांनी कपाळावर हात मारला. मग तिला जवळ ओढलं. "मला वाटलं, गेली माझी पोर."

"तुमचा पट्टा कुठाय?"

आबांनी गळा चाचपला. "तिकडंच ऱ्हायला की पेटीवर. राखणीचं कुत्रं, आन् पट्ट्याबिगर पळालं बघ." ते हसले, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. अपेक्षा हसली नाही. "आता उसातनं नाही यायचं, आबा," ती म्हणाली. आबांनी मान डोलावली.

दुपारी वनखात्याची माणसं आली. नदीच्या बाजूला ओल्या मातीत त्यांना ठसे सापडले. पिंजरा लावू, म्हणाले. संध्याकाळी आजीचा फोन आला, अपेक्षाला बहीण झाली होती. दोघी सुखरूप. आबांनी तिथंच उभं राहून देवाचे आभार मानले. अपेक्षानंही मानले, पण मधूनमधून तिची नजर खिडकीकडे जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चहा पिऊन बसूनच राहिले. "आज मोटर ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आज हितंच वाचू, घरात. मांडीला मांडी लावून."

अपेक्षानं उसाकडे बघितलं. ऊस कालच्याएवढाच उंच होता. पिंजरा अजून आला नव्हता.

तिनं पट्टा उचलला. काल खंडूमामांनी बांधावरून जाऊन पेटीवर राहिलेल्या चष्म्याबरोबर तो आणून दिला होता. आबांच्या मागं उभं राहून तिनं त्याचं बक्कल घट्ट लावलं.

"वाचताना काढायचा नाही," ती म्हणाली. "टोचला तर मान वर करून वाचा. आणि बांधावरून जायचं, बोलत बोलत."

आबा काठी घेऊन उठले. बांधावरून त्यांची बडबड लांब लांब जात राहिली. अपेक्षानं कडी लावली आणि ओट्यावर, जाळीच्या अगदी जवळ उभी राहिली. आज तिनं आबांची वाट बघितली नाही. ते विहिरीवर पोचायच्या आधीच तिनं स्वतः पहिलं वचन वाचलं, घोडच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तिकडून दुसरं आलं. तिसरं तिचं, चौथं आबांचं, असं करत आठही झाली.

"मिट डोळं!" लांबून आवाज आला.

अपेक्षानं जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आधी एक डोळा मिटला. मग दुसरा.