रिकामा आला, मग झालं

मी उज्वलाचा जेवणाचा डबा बोलतोय. स्टीलचा, एका बाजूला चेपलेला.

भूकंपानंतर मदतीच्या ट्रकमधून मी निलंग्याकडच्या एका गावात उतरलो आणि पत्र्याच्या शेडमध्ये शेषेरावांच्या हाती पडलो. त्यांची बायको ढिगाऱ्याखाली गेली होती. त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा रामलिंग दिवसभर एका जागी बसून असायचा, झोपेत दचकायचा. शेषेरावांनी पोराला कधी जवळ घेतलं नाही. माझ्यातली खिचडी संपली की विचारायचे, "जेवलास का?" पोरगा मान हलवायचा. "मग झालं," म्हणून ते उठायचे. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं, हे मला कळायचं. तरी राग यायचा.

रामलिंग मोठा झाला, पण दचकणं काही गेलं नाही. ते त्याने कुणाला सांगितलंही नाही.

त्याची मुलगी उज्वला डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला राहायला गेली, आणि माझी ये-जा सुरू झाली. सकाळी तिची आई सिंधु मला भरायची, रामलिंग एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, उज्वला स्टँडवर उतरवून घ्यायची. संध्याकाळच्या गाडीने मी परत. इकडच्या घरोघरचे डबे असेच जातात. मी आलो की रामलिंग आधी झाकण उघडायचा. "चाटूनपुसून खाऊन राहिली. काय धाड भरलीय तिला!"

मला मात्र खरं माहीत होतं. क्लासमध्ये चाचणीचे मार्क भिंतीवर लागायला लागले, तसा तिच्या घशाखाली घास उतरेना. भाकरी-पिठलं ती स्टँडमागच्या कुत्र्यांना घालायची आणि मला लख्ख घासून पाठवायची.

एकदा मला मांडीवर घेऊन तिने बापाला फोन लावला. "अप्पा, मला लई भ्या वाटून राहिलं. झोप न्हाई. छाती धडधड करती."

पलीकडून रामलिंग म्हणाला, "जेवलीस का?"

"हाव."

"मग झालं."

अगदी शेषेरावांचाच आवाज.

दुसऱ्या दिवशी तिने मला भरलेलंच परत पाठवलं. तोंडाने सांगून झालं होतं, आता ती माझ्याकरवी सांगत होती. रामलिंगने झाकण उघडलं. तो उंबऱ्यातच बसला.

"अहो, जाऊन या की पोरीकडं," सिंधु म्हणाली.

तो उठला, चप्पल घातली. मला वाटलं, निघाला! पण त्याने अंगणात जाऊन फोन लावला. "उजू, डबा भरलेला माघारी धाडायचा न्हाई. सगळं खायचं." एवढं बोलून त्याने फोन ठेवून दिला.

आज मी रिकामा आलोय. रामलिंगने मला सिंधुपुढे धरलं. "बघ, खाल्लं का न्हाई? मग झालं." हसला, आणि मला पालथं घातलं.

रामलिंग, अरे, मला काय बघतोस? कुत्री आता तिची वाट बघत बसतात. रोज मला घासताना ती रडायची, आज रडली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. सकाळच्या गाडीने माझ्याऐवजी तू जा रे बाबा. तिच्याजवळ नुसता बस.

पण डब्याचं कोण ऐकतं? तिकडे सिंधु उद्याच्या भाकरीचं पीठ चाळते आहे.