आवडाबाईचा धवला

राघो भोईर कल्याणच्या लष्करी छावणीत हमालीला होता, तेव्हा त्यानं पहिल्यांदा गिटार पाहिली. दुसरं महायुद्ध संपत आलेलं. छावणीतला एक गोरा शिपाई, घरचा शेतकरी, संध्याकाळी बराकीच्या पायरीवर बसायचा, गिटार मांडीवर आडवी घ्यायचा आणि लोखंडाची कांडी तारांवरून घसरवत आपल्या गावाकडची गाणी वाजवायचा. राघोला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी असा घरंगळत जाताना त्यानं आजवर एकाच ठिकाणी ऐकला होता. आवडामावशीच्या गळ्यात.

आई तापानं गेल्यावर मावशीनंच त्याला वाढवलं. आवडाबाई मानपाड्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी तिचा मान. हळद लागल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला गायची आणि गाता गाता एकेका देवाला, घरातल्या एकेका मेलेल्या माणसाला नाव घेऊन मांडवात बोलवायची. तिला आमंत्रण गेल्याशिवाय आसपासच्या गावांत लग्नाची तारीख ठरत नसे.

शिपाई मायदेशी निघाला तेव्हा गिटार राघोच्या हातात देऊन गेला. दिवा गावच्या मिठागरात काम करता करता राघो तिच्यावर मावशीचे सूर शोधत राहिला. ते सापडले तसं त्याचं नशीबच उघडलं. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीत तो साथीला लागला, आणि दोन-तीन वर्षांत गायक स्वतःहून विचारायला लागले, "मागे राघोची गिटार आहे ना?" पुढे मॅनेजर सुधीर कर्णिकांनी गावाकडच्या गाण्यांचं सगळं खातंच त्याच्यावर सोपवलं. कुणी गायचं, मागे काय वाजवायचं, कोणतं कडवं गाळायचं, सगळं राघो ठरवायचा. त्यानं संबळ काढून व्हायोलिन घातली, खडबडीत आवाज मागे नेऊन गोड आवाज पुढे आणले. ज्या घरांच्या ओट्यावर आगरी बायका भाजीच्या पाट्या उतरवायच्या, त्या घरांत आता आगरी गाणी वाजू लागली. राघोनं ठाण्यात टेंभी नाक्याजवळ बिऱ्हाड केलं. गावात लोक त्याला राघोशेट म्हणू लागले.

बावन्न साली त्यानं मावशीला स्टुडिओत आणलं. ती यायला तयार नव्हती. त्यानं हट्ट धरला म्हणून आली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या बंद खोलीत ती नवं लुगडं नेसून उभी राहिली आणि चौफेर बघून म्हणाली, "राघ्या, नवरी कंय हाय? हलद कोनाला लावाची?"

"नवरी नाय, मावशे. तू नुसतं गा."

"मांडव नाय, नवरी नाय, न देवाना बोलवू?"

तरी ती गायली. डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून. जेमतेम तीन मिनिटांत तबकडी भरली. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला तरी मावशी गातच होती. तिचं अजून गावदेवीला बोलावणंच झालं नव्हतं.

सुधीरबाबू काचेपलीकडून आत आले. मग म्हणाले, "अंगावर काटा आला रे. पण बाजारात चालेल का? ते तू सांग. तुझा कान."

राघोच्या कानाला काय वाटलं ते त्याचं त्याला माहीत होतं. पण तोंडातून आलं, "नाय चालणार. सूर उचलू. गायला हेमाला घेऊ."

त्या काळी गाणं आधी मेणाच्या जाड तबकडीवर कोरलं जायचं. नापसंत ठरलं की मेण तासायचं, तबकडी पुन्हा कोरी. आवडाबाईचा धवला त्याच दुपारी तासला गेला. हेमा दादरची, शिकलेला, साखरेसारखा गळा. राघोनं देवांची आणि पितरांची नावं काढून टाकली, उरलेल्या ओळींना चाल बांधली आणि मधल्या जागांत स्वतः गिटार वाजवली.

ती रेकॉर्ड धो धो चालली. नवरात्रात टेंभी नाक्यावर, इराण्याच्या हॉटेलात, कल्याणच्या बाजारात तीच. मग बॅटरीवर चालणारे कर्णे गावागावांत पोचले आणि लग्नात हळदीला रेकॉर्ड लावायची चाल पडली. आवडाबाईला बोलावणी येत, पण ती गायची कमी आणि बसायची जास्त. 

पुढल्या वर्षी मानपाड्याला काळुराम पाटलाच्या लेकीचं, तुळसाचं लग्न होतं. राघो मानाचा पाहुणा, मांडवात खुर्चीवर. हळदीला आवडाबाईनं ताट पुढे ओढलं, धवला सुरू केला, आणि पोरांनी कर्णा लावला. हेमाचा आवाज तिच्या आवाजावर चढला. मावशीनं सूर वर नेऊन बघितला, खाली आणून बघितला. रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. इतक्यात रेकॉर्ड संपली. तुळसाच्या एकाच हाताला हळद लागली होती. सुई खरखरत राहिली आणि कुणीतरी ओरडलं, "परत लाव रे!"

आवडाबाई उठली. जाता जाता राघोच्या खुर्चीपाशी थांबली. "तुज्या तबकडीतली बाय कोनालाच बोलवत नाय रं," ती हळूच म्हणाली. "मांडव रिकामा हाय."

राघोला उठून कर्णा बंद करता आला असता. सगळा मांडव त्याच्याकडे कौतुकानं बघत होता. तो बसून राहिला.

वर्षभरात तुळसा पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मानपाड्यात बोललं जाऊ लागलं की धवलारीण भर हळदीतून उठून गेली, तिचा तळतळाट लागला. विहिरीवर बायका तिला बघून कळशी उचलून चालू लागल्या. तिच्या दाराशी कुणीतरी रात्रीतून काळी बाहुली टांगली. राघोला हे कळलं तसा तो काळुरामकडे गेला.

"काळूदादा, मावशीचा दोष नाही. नावं मी गाळली. मांडवात बसलेलो मी, कर्णा बंद करायला हवा होता मी."

काळुराम खाटेवरून उठला नाही. लेक गेल्यापासून तो खंगला होता. "तुजी मावशी हाय, तू तसाच बोलशील," तो म्हणाला. "तुजं गानं लागलं तवा पोर हसत व्हती, राघोशेट. ती उठली तवा रडली. मी बघलंय."

राघो तिथून थेट मावशीच्या घरी गेला. त्यानं मावशीला ठाण्याला नेलं.

तिथे ती खिडकीत बसून तांदूळ निवडायची. एका नवरात्रात नाक्यावर तीच रेकॉर्ड लागली. राघो खिडकी लावायला उठला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरीचा गला चांगला हाय."  त्यानं कितीदा तरी विनवलं, मावशे, नावं सांग, नुसती सांग, मी आवाज टिपायचं नवं मशीन घरी आणतो. ती मान हलवायची. "बोलवली का ती येतान, पोरा. आल्यावं त्याना बसवू कंय? या खोलीन?"

सत्तावन्नच्या पावसाळ्यात ती झोपेतच गेली. राघोनं तिला मानपाड्याला नेलं. पाटलाच्या भावकीतलं कुणी आलं नाही. खांदा द्यायला दिव्याहून मिठागरातले जुने सोबती आले.

दहन आटोपून राघो चालत डोंबिवली स्टेशनकडे निघाला. चिखलातून जाताना, निदान सुरुवात तरी जपून ठेवावी म्हणून, मावशीची पहिली ओळ गुणगुणायला लागला. निघाला तो हेमाचा सूर, मागे व्हायोलिनसकट. थांबून त्यानं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मावशीचा सूर कुठून उचलला जायचा, कुठे घरंगळायचा, काही केल्या सापडेना. कडेला एक झाड होतं, त्याखाली तो भिजत कितीतरी वेळ उभा राहिला, कानावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत नव्या लग्नगीताचं रेकॉर्डिंग होतं. सुधीरबाबूंनी चेहरा बघून विचारलं, "पुढे ढकलायचं का?" राघोनं नको म्हटलं. व्हायोलिनवाल्यांना खूण केली आणि लाल दिवा लागायची वाट बघत बसला.