टेपचं तुटकं टोक

शिवणाच्या टेबलावर सुनेनं थीम पार्कचा नकाशा अंथरला आणि चार कोपऱ्यांवर दोऱ्याची चार रिळं ठेवली. आजी मशीनवरून बघत होती. दुपारच्या उन्हात तो कागद तिला कापडासारखाच वाटला. मधोमध निळं तळं, कडेनं हिरवी किनार, आणि कुणी धावदोरा घालावा तशी रोलर कोस्टरची लाल रेघ. डोळे किलकिले केले की रेघ हलायची.

तीन मुलांना एका दिवसात बसवायचं म्हणजे एकाच तुकड्यातून तीन सदरे काढायचे. थोरला चौदाचा, त्याला सगळं उंच आणि जोरात हवं. धाकटा तीनचा, त्याला बदकांची होडी आणि मग झोप. मधली सात वर्षांची. तिला थोरला जाईल तिथं जायचं होतं, बास. गेल्या खेपेला ती खाली बाकावर बसून त्याचं ओरडणं ऐकत राहिली होती.

लाल रेघेला एकशे वीस सेंटिमीटरची अट होती. रविवारी पोरांच्या बापानं मधलीला दाराच्या चौकटीशी उभं करून आजीच्याच टेपनं मोजलं. एकशे एकवीस. आई, बरोबर ना, असं त्यानं विचारलं तेव्हा आजीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं नुसती मान हलवली. त्या मानेवर सुनेनं अख्खा दिवस बेतला. बाप थोरल्या दोघांना घेऊन रोलर कोस्टरवर, ती स्वतः धाकट्याला घेऊन बदकांकडे, आणि आजी डबे राखत बाकावर. उंचावर जाऊन बसायला मी काय कावळा आहे, असं आजीनंच ठणकावलं होतं.

टेपचं टोक विरलं म्हणून पहिले तीन सेंटिमीटर तिनं कधीच कापून टाकले होते. तिच्या हाताला ते ठाऊक होतं, ती तीनपासूनच मोजायची. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं. चाळीस वर्षांत तिच्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, ते आता आपल्याच तोंडानं ठेवायचं? आणि गप्प बसावं, तर पार्कातला माणूस पोरीला पट्टीशी उभी करून चारचौघांत माघारी पाठवणार.

मधली लाल रेघेवरून बोट फिरवत होती, ओठांनी वाऱ्याचा आवाज काढत. तिच्या बटा खरंच उडतायत असं आजीला क्षणभर वाटलं.

तिनं मशीन थांबवलं.

"माझी टेप तुटकी आहे," ती म्हणाली. "तू एकशे अठरा भरतेस. रविवारी मी मान हलवली, ती माझी चूक."

थोरल्यानं कपाळाला हात लावला. मधलीचं बोट उतारावरच थांबलं. मग ते रेघेवरून उचलून तिनं विचारलं, अट नसलेलं सगळ्यात उंच काय आहे? सुनेनं आकाशपाळणा दाखवला. पण तिथं सोबत मोठं माणूस लागतं, आणि मोठी माणसं तर वाटून संपली होती.

"एक उरलंय की," मधली म्हणाली. "बाकावरचं."

कावळ्याचं कुणी काढायचं नाही, हे आजीनं डोळ्यांनीच सगळ्यांना बजावलं.

"वर गेल्यावर माझा हात सोडलास तर बघ," ती पोरीला म्हणाली.

मग पाळण्यातून खाली बघावं तशी ती नकाशावर वाकली. तळं बशीएवढं झालं होतं. लाल धावदोऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा थोरला, तोंड उघडं, पण आवाज इतक्या वर पोचत नव्हता. पाळणा हळूच झुलला. आजीनं टेबलाची कड घट्ट धरली.