निळ्या वाफ्यातले झेंडू

"गेल्या आठवड्यात यायला हवं होतं या फोटोवालीनं. आता काय राहिलंय बघण्यासारखं!"

म्युरिएल खिडकीशी उभी राहून चहाच्या कपात पुटपुटली. सिंकपाशी नखं घासत असलेल्या तिच्या धाकट्या बहिणीला, ऍव्हिसला, ते नीट ऐकू आलं. या गावात बागेचा फोटो काढायला कोणीही, कधीही आलं तरी ते आठवडाभर उशिराच आलेलं असायचं. "गेल्या आठवड्यात बघायला हवी होतीत" हे न म्हणता फाटक उघडणारी बाई इंग्लंडच्या या पावसाळी डेव्हन परगण्यात अजून जन्माला यायची होती.

नखांतली माती काही निघत नव्हती. पहाटे पाचला उठून ऍव्हिसनं बहिणीच्या निळ्या वाफ्यातून बावीस झेंडू उपटले होते.

गावाच्या कॅलेंडरमधलं जुलैचं पान म्हणजे म्युरिएलचा निळा वाफा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पुरुषभर उंचीचे डेल्फिनियमचे निळे तुरे, पायाशी लॅव्हेंडर, आणि दुसऱ्या कुठल्याही रंगाला मज्जाव. एका पाहुणीनं हौसेनं आणलेली केशरी डेलियाची रोपं म्युरिएलनं फाटकातूनच परत पाठवली होती. "घरी न्या हो, तुमच्या पडद्यांना शोभतील." आणि यंदा त्याच म्युरिएलनं त्याच वाफ्यात झेंडू लावले! तेही नगरपालिकेच्या बागेत लावतात तसे, वाटेच्या कडेनं सरळ रांगेत, आणि मधल्या पायरीपाशी दोन्ही बाजूंना गच्च.

गावात कोणी काही बोललं नाही. पोस्टातली ग्विनेथ फक्त "किती प्रसन्न वाटतं!" म्हणाली, आणि इथं एखाद्या बागेला प्रसन्न म्हणतात तेव्हा भडक म्हणायचं असतं, हे ऍव्हिसला चांगलं ठाऊक होतं. रोपवाटिकेत पाटी वाचता आली नसेल, निळी लोबेलिया समजून हे उचलले असतील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. ठरवलं, पण बोलली नाही. म्युरिएल चहा ओतताना कपात बोट घालून बघते, त्याबद्दलही कधी बोलली नाही. "हल्लीची शब्दकोडी फार बाष्कळ झालीत" म्हणून म्युरिएलनं ती सोडली, तेव्हा ही "हो ना" म्हणून मोकळी झाली. एकदा बोललं की डॉक्टर आले, डॉक्टर आले की पुतणी आली, आणि पुतणीच्या बॅगेत एक्सेटर शहरातल्या वृद्धांच्या फ्लॅटांची माहितीपत्रकं केव्हापासून तयार होती. बागेशिवाय म्युरिएल जगेल कशी, याचा विचार ऍव्हिसला करायचाच नव्हता. तेव्हा जुलैचं पान नेहमीसारखं निघू दे, कोणी हसायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

झेंडू तिनं फेकले मात्र नव्हते. शेडमागं पाण्याच्या बादलीत ठेवले होते. फोटो झाला की गुपचूप परत लावणार होती.

फोटोवाली टॅम्सिन साडेनऊला आली. तिनं कॅमेऱ्याची तिपाई लावली आणि आभाळाकडं बघत बसली.

"ढग आला की सुरू करू," ती म्हणाली. "उन्हात निळा पार फिका पडतो."

"ऐकलंस, ऍव्हिस? डेव्हनमध्ये ढगाची वाट बघतायत!"

ढग आला, वाराही पडला. टॅम्सिन गुडघ्यांवर बसून, पोटावर झोपून फोटो काढत राहिली. "म्युरिएल, काय निळा आलाय! हे बघा तरी."

म्युरिएलनं कॅमेरा अगदी नाकापाशी नेला, मग जरा बाजूला तिरका धरला. "छान," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात जास्त छान होता."

"आता एक तुमच्यासकट घेऊ. वाटेनं वरून चालत खाली या, रोज येता तशा."

"नको नको," ऍव्हिस घाईनं म्हणाली, "तिला फोटो काढून घ्यायला आवडत नाही."

"कोण म्हणतं?" म्युरिएलनं केस सारखे केले आणि ती निघाली.

पहिली काही पावलं तिनं ऐटीत टाकली. मग ती थांबली. तिनं मान एकीकडं वळवली, दुसरीकडं वळवली. एक पाय पुढं करून जमीन चाचपली आणि तो मागं घेतला. मग पायरी सोडून ती डावीकडं, थेट डेल्फिनियममध्ये शिरली. कडकन एक तुरा मोडला. तुऱ्यांच्या आधाराला रोवलेली काठी घट्ट धरून ती तिथंच उभी राहिली.

"ऍव्हिस," ती शांतपणे म्हणाली, "माझे झेंडू कुठं गेले?"

"कुठले झेंडू?" ऍव्हिसच्या तोंडून निघून गेलं.

"पायरीपाशी होते ते."

टॅम्सिननं कॅमेरा खाली घेतला. ऍव्हिस शेडमागं पळाली, बहात्तराव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढी. तिनं बादली आणून पायरीच्या कडेला ठेवली. म्युरिएलची मान लगेच तिकडं वळली. ती वाफ्यातून बाहेर आली, बादलीच्या बाजूनं नीट पाऊल टाकून पायरी उतरली आणि खाली येऊन ताठ उभी राहिली.

"मला वाटलं, तू चुकून आणलेस," ऍव्हिस म्हणाली. तिला धाप लागली होती. "लोबेलिया समजून."

"लोबेलिया!" म्युरिएल भडकली. "अगं, चाळीस वर्षं बाग केली मी! झेंडूचा वास कळत नाही होय मला?"

"मग लावलेस कशाला? तेही या वाफ्यात?"

म्युरिएल वाकली. तिनं बादलीतल्या फुलांवरून तळवा फिरवला, आणि हात तिथंच ठेवला.

"हा रंग अजून कळतो," ती म्हणाली. "या पोरीनं आत्ता मला काय दाखवलं, देव जाणे. मला निळं दिसत नाही, ऍव्हिस. दोन उन्हाळे झाले."