गच्चीवरची राखीव वीज

आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगमध्ये गणपतीला चिटपाखरू राहत नाही. सगळे कोकणातले, त्यातले निम्मे आमच्याच वाडीचे. यंदा एकच दार उघडं होतं, सहाव्या मजल्यावरचं, आमचं. ह्यांची फुप्फुसं गिरणीच्या कापसाने खाल्ली होती. नाकाला नळी आणि उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. ते घेऊन घाट कसा उतरायचा?

गच्चीवर सोलर बसलं, खाली मोठी बॅटरी आली, तेव्हा सगळ्यांत जास्त मी हरखले होते. लाईट गेली तरी लिफ्ट चालणार आणि प्रत्येक घरात एक प्लग चालू राहणार. सिद्धेश, आमचा पुतण्या, सोसायटीचा सेक्रेटरी. तोच म्हणाला, "काकी, लाईट गेली तर म्हणून ठेवलेला तो ऑक्सिजनचा सिलिंडर परत देऊन टाक, जागा अडवतोय नुसता." मी दिला.

मग वीज विकायची टूम निघाली. एक कंपनी अशा कितीतरी गच्च्यांची वीज एकत्र करून बाजारात नेते. संध्याकाळी सगळी मुंबई दिवे लावते, तारांवर ताण येतो, भाव चढतो. तेव्हा आपली बॅटरी त्यांना द्यायची. आपल्यापुरती राखून ठेवायची. किती, ते सिद्धेश मोबाईलवरून ठरवायचा.

गौरीपूजनाच्या दिवशी, तिन्हीसांजेला, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. मशीन एकदा केकाटलं आणि थांबलं. मी वायर ओढून त्या खास प्लगला लावली. प्लग मेलेला.

सिद्धेशने फोन उचलला. मागे टाळ वाजत होते.

"काकी, तू मुंबईत आहेस?"

"मग कुठे असणार मी?"

"अगं, मी दारोदार विचारून गेलो ना, कोण राहणार म्हणून. तू बाजारात गेली होतीस. काका बोलले, गाडी करून निघतोय आम्ही. बिल्डिंग रिकामी म्हणून मी राखीव शून्यावर आणली. आत्ता तासाभरापूर्वी सगळी गेली गं."

"मग परत माग त्यांच्याकडून."

"ती परत नाही येत, काकी. तू ॲम्ब्युलन्सला लाव, मी पण इथून लावतो."

ॲम्ब्युलन्सला फोन करून मी ह्यांच्याकडे वळले. ओठ निळे पडत होते. असं का सांगितलंत, विचारलं, तर म्हणतात, "गणपतीक जावचंय नाय... असा तोंडान सांगू नये." एवढ्यासाठी. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला समोर उरलं होतं किती?

खिडकीतून हायवेपलीकडचे टॉवर दिसत होते, सगळे उजळलेले. आमच्या गच्चीवरचं दिवसभराचं ऊन तिथे कोणाच्या तरी टीव्हीत जळत होतं. आम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजून बसलो होतो. त्या एकेका दिव्याचा मला असा राग आला, की हाताने विझवले असते. मी पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. त्याने काय होणार, मला माहीत होतं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. "गावाक कळवू नको," म्हणाले. "गणपती बसलेले आसत."

सुतक पडलं की भावकीतलं कोणी मूर्तीला हात लावत नाही. मग देव परक्याने उचलायचा. विसर्जन दुसऱ्या दिवशी होतं.

लिफ्ट बंद म्हणून ॲम्ब्युलन्सची माणसं सिलिंडर खांद्यावर घेऊन सहा मजले चढून आली. एकाने ह्यांची नाडी पाहिली, मग डोळ्यांत बॅटरी मारली, आणि माझ्याकडे न बघता सिलिंडर भिंतीला टेकवून ठेवला.

थोड्या वेळाने लाईट आली. मशीन आपलं आपण सुरू झालं. नळी उशीवर पडली होती, तिच्यातून हवा येत होती. मला ते बंद करवेना.

फोन वाजला. सिद्धेशच.

"काकी, लाईट आली ना? मोबाईलवर दिसतंय इथे. काका कसे आहेत?"

मागे आरती थांबली होती. सगळे माझ्याच उत्तरासाठी गप्प उभे असणार.

"बरे आहेत," मी म्हटलं. "आत्ताच निजले. तुम्ही आरती पुरी करा."