नानासोंचं ऊन

राजनंदिनीच्या हातची बॅच कधी फुकट गेली नाही, असं कोरेगावच्या आसपासची रेशीमवाली माणसं सांगायची. ती स्वतः असलं काही बोलायची नाही. पण कुणी तोंडावर म्हटलंच, तर नको नकोसुद्धा म्हणायची नाही. बारा वर्षं ती रेशमाच्या अळ्या वाढवत होती. घरामागं तिची लांबट शेड होती. खिडक्यांना ओली पोती, आत सायंकाळ झाल्यासारखा उजेड, आणि रॅकवर तुतीचा पाला खाणाऱ्या हजारो अळ्यांचा तो बारीक सरसर आवाज. त्या आवाजात उभं राहिलं की तिला निम्मी झोप लागायची. हात पाला पसरत असायचे आणि मन कुठंतरी पाण्याखालून चालल्यासारखं चाललेलं असायचं.

एकच गोष्ट तिला खुपायची. अळ्या वीस-बावीस दिवसांत मोठ्या व्हायच्या, कोष करायच्या, आणि पोत्यांत भरून निघून जायच्या. मग शेड धुवायची, आणि पुढचे चार दिवस घरात नुसता पंख्याचा आवाज. नवरा पृथ्वीराज लष्करात, जैसलमेरला. महिन्याच्या सुट्टीवर यायचा आणि अंगाला घरचा वास लागतोय तोवर बॅग भरायचा. मुलगा शिवतेज गेल्या साली भरती झाला. या घरात जे येई ते परत जायची तारीख घेऊनच येई. राजनंदिनीला आता काहीतरी असं हवं होतं, जे जाणार नाही. म्हणजे काय, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

ते तिला सांगलीत भेटलं. बहिणीकडं गेली होती, आणि जाताना डबाभर अळ्या रिजवानसाठी नेल्या होत्या. रिजवानचं मासे-पोपटांचं दुकान. हल्ली तो परदेशी सरडेही पाळायचा, आणि रेशमाच्या अळ्या म्हणजे सरड्यांच्या पिल्लांना पक्वान्न, असं त्याला कुठूनसं कळलं होतं. काचेच्या मोठ्या पेटीत दहा-बारा पिल्लं दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर पसरली होती. शेजारच्या डब्यात एकटंच एक बसलेलं. करंगळीएवढं अंग, शेपटीचं टोक भावंडांनी कुरतडलेलं, गळ्याखाली बारीक काट्यांची रांग.

राजनंदिनी वाकून बघायला लागली, तसा त्यानं एक हात उचलला आणि अगदी सावकाश, पाण्यात हलवल्यासारखा गोल फिरवला. तिनंही नकळत हात वर केला.

रिजवान हसला. "रामराम करत न्हाई ते ताई. भ्यालंय. मी बारका हाय, मला मारू नका, असं म्हणतंय."

"ह्याला येगळं का ठेवलंय?"

"बाकीची चावत्यात. खाईना झालंय. तुमी न्या. तुमच्या हातानं जगलं तर जगलं. सरकारी नोंदीचा कागद मी तुमच्या नावानं करून देतो." त्यानं एक दिवाही बरोबर दिला. "पर ध्यानात ठेवा, ह्याला ऊन लागतं. एका बाजूला चटका बसंल इतकं गरम पायजे. चाळीस डिग्री."

राजनंदिनीनं मान हलवली. मनात म्हणाली, चाळीसला माझी अख्खी बॅच तासाभरात आडवी होईल. दुकानदाराला काय जातंय सांगायला. बारा वर्षांचा हात म्हटल्यावर माणूस दुसऱ्याचं ऐकतो ते कानाच्या वरच्या पाळीनं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये भोकं पाडलेला डबा तिच्या मांडीवर होता. खिडकीतून उसाचे तुरे मागं मागं पळत होते. डब्यातलं वजन असून नसल्यासारखं. तिला वाटलं, गाडी अशीच चालत राहावी, कोरेगाव यायलाच नको. आणि लगेच वाटलं, लवकर यावं, याला घर दाखवायचंय.

घरी सासूबाईंनी, म्हणजे बनुबाईंनी, डब्यात डोकावून बघितलं आणि चष्मा काढून पुसून पुन्हा बघितलं.

"सरडा हाय ह्यो."

"आस्ट्रेलियातला हाय, आत्याबाई. दाढीवाला."

"दाढी कुटं हाय?"

"मोठा झाला की ईल."

बनुबाई बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. मान वर, छाती पुढं, डोळे अर्धे मिटलेले. "आमचा दीर नानासो अस्साच बसायचा," त्या म्हणाल्या. "मान वर, आन काम काडीचं न्हाई." झालं, बारसं झालं. सरड्याचे नानासो झाले, आणि कैलासवासी दिराचा मान राखायचा म्हणून त्यांना अहोजाहोही सुरू झालं.

आता राजनंदिनीनं जे केलं, ते तिच्या जागी असलेल्या कुणाही रेशीमवालीनं केलं असतं. तिनं नानासोंना पुठ्ठा अंथरलेल्या पेटीत घालून घरातल्या सगळ्यात चांगल्या जागी ठेवलं. शेडमध्ये. उष्णता पंचवीसवर बांधलेली, हवेत भरपूर ओल, उजेड मंद, आवाज नाही. लहान जिवाला याच्याहून सुख ते काय असायचं? दिवा कपाटावर ठेवून दिला. मागं राहिलेल्या अळ्यांतली एक बारकी अळी उचलून, "माफ कर बाई," असं म्हणून तिनं ती नानासोंपुढं ठेवली. नानासोंनी ती खाल्लीही. त्या दिवशी राजनंदिनीला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धीच खाल्ली. तिसऱ्या दिवशी खाल्लीच नाही. चौथ्या दिवशी ते मान वर करून जागच्या जागी थिजून बसले, ना हात हलवला, ना डोळा उघडला. अंग काळपट पडलेलं.

ते बघून राजनंदिनीला इतका आनंद झाला की विचारू नका. कारण अळी कात टाकायला बसते ती हुबेहूब अशीच. मान वर करते, खाणं सोडते, दगडासारखी होते. तेव्हा तिला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. एक दिवस गेला की जुनं कातडं टाकून ती नवी कोरी बाहेर येते. नानासोही कात टाकणार होते! तिनं शेडचं दार ओढून घेतलं. बनुबाईंना दम भरला, "पाट्या आपटू नका, कात टाकायला बसल्यात." कात टाकणाऱ्या अळ्यांवर भुरभुरतात ती चुन्याची पूड तेवढी बाकी ठेवली.

एक दिवस गेला. दोन गेले. रॅकवरच्या अळ्या कात टाकून उठल्या, पाल्यावर तुटून पडल्या, शेडभर पुन्हा ती सरसर सुरू झाली. नानासो उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांच्या पाठीवर बोट टेकवलं, तर पाठ मडक्यासारखी गार. मान आता वर नव्हती. हनुवटी पुठ्ठ्यावर टेकलेली. तिनं तळहातावर घेतलं, तर चारी पाय लोंबले.

तेवढ्यात पृथ्वीराजचा फोन आला. रविवारची त्याची वेळ ठरलेली. राजनंदिनीला धड बोलताच येईना.

"आवं, त्ये मरतंय. माझ्या हातात मरतंय."

"कोण मरतंय? आई बरी हाय न्हवं?"

"नानासो!"

मेलेला चुलता पुन्हा कसा मरतो, आणि हे नानासो म्हणजे पाळलेला सरडा, हे समजायला पृथ्वीराजला थोडा वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "ठेवलायस कुटं त्येला?"

"शेडमदी. गारव्याला."

पलीकडं वाळूवरून येणारा वारा फोनमध्ये घुमत होता. "अगं येडे, हितं येऊन सरडे बघ. सकाळी गार पडलं की मेल्यागत पडत्यात. आमी बुटानं हलवलं तरी हलत न्हाईत. दगूड तापला की मग उठत्यात, आन असं पळत्यात की कुत्र्याला घावत न्हाईत. त्येला उन्हात ने. आत्ता ने."

राजनंदिनी जिना चढली ती धापा टाकतच. फाल्गुनातलं अकराचं ऊन गच्चीवर सांडलं होतं. कठड्याजवळ पापड वाळवताना टेकायला ठेवलेली काळी फरशी होती. तिनं फरशीला पालथा हात लावून बघितला, निम्म्या फरशीवर साडीच्या पदराची सावली धरली, आणि नानासोंना त्या सावलीच्या कडेवर ठेवलं. मग ती बसली.

बारा वर्षं आपण जीव वाढवतोय, आणि आपल्याला फक्त एकाच जातीची माया येते, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं. अंधाराची, ओलीची, गप्प बसण्याची. जे आपल्याला सुख वाटतं त्यातच ठेवून आपण याला मारत होतो. तिला रडू आलं, आणि तिनं डोळे पुसलेही नाहीत.

ऊन हळूहळू सरकत होतं. किती वेळ गेला तिला कळलं नाही. आधी नानासोंच्या पाठीवरचा काजळी रंग थोडा पातळ झाला. मग कडेनं तपकिरी. मग सुकल्या ज्वारीच्या पानासारखा एक पिवळा रंग मानेपासून शेपटीकडं उतरत गेला, कुणीतरी आतून कंदील वर केल्यासारखा. एक डोळा उघडला. मग तोंडच उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. राजनंदिनी घाबरली, पण तोंड वासून नानासो नुसते बसले होते, अंगातली जास्तीची ऊब बाहेर सोडत, सुखानं, जेवणानंतर ओट्यावर बसलेल्या माणसासारखे. तिनं घाईनं खालून एक अळी आणली. नानासोंनी मान तिरकी केली, जीभ लपकन बाहेर आली, आणि अळी गेली.

"खाल्ली!" ती गच्चीवरून ओरडली. खालून बनुबाई म्हणाल्या, "मग गावाला सांगायचंय व्हय?" पण त्याही जिना चढून बघायला आल्याच.

त्या दिवसापासून दिवा कपाटावरून खाली उतरला. नानासोंची पेटी घरात आली, एका टोकाला चटका, दुसऱ्याला सावली. रिजवानला फोन करून तिनं सगळं नीट विचारून घेतलं, या खेपेला दोन्ही कान देऊन. आणि रोज दुपारी दोघं गच्चीवर. ती भिंतीला टेकून, पदर डोक्यावर ओढून, नानासो फरशीवर. उन्हात डोळे मिटले की तिला लाल दिसायचं, आणि त्या लालात ती सहज निघून जायची. एकदा तिला दिसलं की सगळीकडं वाळू आहे, आणि वाळूत तापलेल्या दगडांवर घरची सगळी माणसं बसली आहेत. पृथ्वीराज, शिवतेज, बनुबाई, खुद्द कैलासवासी नानासोसुद्धा, प्रत्येकाची मान वर, डोळे अर्धे मिटलेले. कुणाला कुठं जायची घाई नव्हती. जागी झाली तेव्हा नानासो कोवळं तुतीचं पान चघळत तिच्याकडं बघत होते.

महिन्याभरात नानासो तळहाताएवढे झाले. अळ्या कोष करून गेल्या, शेड धुतली, नवी बॅच आली. नानासो आता तिला हात फिरवून दाखवत नव्हते. पण पाय फुटले होते. फरशीवरून सुटले की गच्चीच्या त्या टोकाला कधी पोचले कळायचं नाही. कठड्यापलीकडं लागूनच ऊस. एकदा त्या उसात गेले की संपलं. राजनंदिनीला हे रोज दिसत होतं. ऊन बंद करावं, तर ते मरणार. ऊन द्यावं, तर ते पळणार. ती रोज देत होती.

मग एका दुपारी तिची डुलकी थोडी लांबली. डोळे उघडले तर फरशी रिकामी. नानासो कठड्यावर चढले होते, पार कडेला, तोंड उसाकडं. पानं खाली सळसळत होती. ती उठली तर ते दचकून उडी मारणार, हे तिला ठाऊक होतं. हाक मारून उपयोग नव्हता. त्यांना नाव थोडंच कळतं? ती बसल्या जागची हलली नाही.  जा, ती मनात म्हणाली. तू पण जा.

तेवढ्यात गच्चीवरून एक सावली सरकली. वर घार. नानासोंनी मान तिरकी करून एक डोळा आभाळाला लावला आणि पोट दगडाला चिकटवलं. सावली फिरून परत आली. समोर उसाचं दाट रान होतं, लपायला एवढी जागा की अख्खी पलटण मावेल. नानासो वळले. कठड्यावरून खाली पडले, सावरले, आणि तापल्या गच्चीवरून चारी पाय फेकत सरळ पळत आले ते राजनंदिनीकडं. तिच्या पावलावर, गुडघ्यावर, लुगड्याच्या निऱ्यांना नखं रुतवत वर, आणि पदराखाली, गळ्याशी. तिथं थांबले. त्यांचं पोट भराभर वरखाली होत होतं. ते तापलेलं होतं, आणि तिच्या कातडीला ते चटकत होतं.

जाणकार म्हणतील, जवळचा आडोसा बघितला असेल. म्हणोत. ऊसच जास्त जवळ होता. त्या घरातून आजवर सगळे गेले होते. घराकडं असं जीव घेऊन धावत आलेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"राजनंदिनी," खालून बनुबाईंची हाक आली, "पाला घालायची येळ झाली गं!"

"आज तुमी घाला, आत्याबाई," ती तोंड न हलवता जेवढं बोलता येईल तेवढ्या हळू म्हणाली, आणि ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाली, "मला आता हलता येत न्हाई."